मातृभाषेचा साचा आणि इंग्रजीतील चुका

(शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्या उद्बोधन वर्गातील भाषण)



इंग्रजीच्या वह्या तपासताना एक वाक्य वारंवार समोर येते. ‘सहल’ या विषयावर लिहिताना विद्यार्थी लिहितो, ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू नाशिक.’ शिक्षक ‘हॅड गॉन’ लाल शाईने खोडतात, वर ‘वेंट’ लिहितात आणि पुढची वही घेतात. पुढच्या वहीतही ‘हॅड गॉन’च असते. वर्षाअखेरीस तीच चूक उत्तरपत्रिकेत येते. आणि पुढे हाच विद्यार्थी एखाद्या कचेरीत लिपिक झाला, तर त्याने लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यातही ती उतरते. लाल शाई खर्च होते, चूक मात्र जागची हलत नाही.

एखाद्या मुलाने एखादी चूक केली, तर ते त्याचे दुर्लक्ष असू शकते. परंतु गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, एकमेकांना कधीही न पाहिलेली मुले त्याच एका ठिकाणी अडखळत असतील, तर दोष मुलाच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा वाटेतील खड्डा शोधणे शहाणपणाचे ठरते. हा खड्डा म्हणजे दोन भाषांच्या व्याकरणांतील अंतर होय.

‘मी काल नाशिकला गेलो’ आणि ‘मी काल नाशिकला गेलो होतो’ ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत. पण त्यांचा अर्थ सर्वस्वी एक नाही. पहिले वाक्य ऐकणारा ‘मग पुढे काय झाले?’ अशा अपेक्षेने थांबतो. दुसऱ्या वाक्यात जाणे आणि परत येणे दोन्ही आले, विषय संपला. मराठी मुलाला हा सूक्ष्म भेद कोणीही न शिकवता कळतो. इंग्रजीतील ‘हॅड गॉन’ला मात्र भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेचा आधार लागतो: गाडी सुटली होती आणि नंतर प्रवासी पोचला, अशा पूर्वापर संबंधासाठी ती रचना आहे. विद्यार्थ्याने ‘होतो’ या शब्दाचा ‘हॅड’ केला तो निष्काळजीपणामुळे नव्हे. मराठीतील भेद इंग्रजीतही सांभाळावा, या प्रामाणिक प्रयत्नातून केला. त्याला काळ समजत नाही असे नाही. त्याला मराठी काळ फार चांगला समजतो, आणि तोच येथे आड येतो.

विचाराची वाटचाल

भाषाशास्त्रात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. अमेरिकेत चार्ल्स फ्राइज यांनी १९४५ मध्ये आणि रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले की, शिकणाऱ्याची स्वभाषा आणि परभाषा यांची काळजीपूर्वक तुलना केल्यास अडचणीची स्थळे आधीच ओळखता येतात. दोन भाषांत जे समान ते सोपे आणि जे भिन्न ते अवघड, असे या मताचे थोडक्यात स्वरूप होते. १९५३ मध्ये युरिएल वाइनराइख यांनी दोन भाषा एकाच माणसाच्या मनात नांदू लागल्या म्हणजे त्या एकमेकींच्या कामात कशा हस्तक्षेप करतात, याचे विवेचन केले होते. या विचारात पुढे महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. त्यांचा उल्लेख पुढे येईलच. प्रथम मराठी भाषकांच्या इंग्रजीतील काही ठळक चुका आणि त्यांची मुळे पाहणे उपयुक्त होईल.

काळांचा घोटाळा

‘मी दहा वर्षांपासून या गावात राहतो’ हे मराठी वाक्य साध्या वर्तमानकाळात आहे. राहणे आजही चालू आहे, म्हणून मराठी वर्तमानकाळ वापरते. इंग्रजीची दृष्टी निराळी आहे. क्रिया भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत आली, या प्रवासाला तिच्यात ‘हॅव’ लागते. मराठी विद्यार्थी साहजिकच ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ असे लिहितो. येथे दुसरीही चूक दडलेली आहे. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन दिवसांपासून’ या दोन्ही ठिकाणी मराठीस ‘पासून’ हा एकच शब्द पुरतो; इंग्रजीत आरंभबिंदू सांगताना ‘सिन्स’ आणि कालावधी सांगताना ‘फॉर’ येते. मराठीच्या एका घरात राहणारे दोन अर्थ इंग्रजीत वेगळे बिऱ्हाड करून आहेत, हे विद्यार्थ्यास कोणी सांगितले नाही, तर त्याने ते ओळखावे कसे?

‘जेव्हा तो येईल, तेव्हा मी सांगेन’ या वाक्यात मराठी दोन्ही क्रियापदे भविष्यकाळात ठेवते, आणि तर्कदृष्ट्या ते बरोबरच आहे, कारण दोन्ही गोष्टी व्हावयाच्या आहेत. इंग्रजी मात्र ‘व्हेन’च्या अशा वाक्यांशात वर्तमानकाळ घालते. ‘व्हेन ही विल कम, देन आय विल टेल’ ही चूक या सरळ तर्कातून जन्मते. त्यातील अनावश्यक ‘देन’ हे तर आपले ‘तेव्हा’च होय.

जोडीने येणारे शब्द

हे ‘तेव्हा’ एकटे नाही. जेव्हा–तेव्हा, जर–तर, जरी–तरी, जो–तो, जसा–तसा अशा जोड्या हा मराठी वाक्यरचनेचा कणा आहे. मराठी कानाला जोडीतील एक शब्द आला की दुसरा ऐकल्याखेरीज वाक्य पुरे वाटत नाही. म्हणून ‘तो जरी गरीब असला, तरी प्रामाणिक आहे’ याचे ‘दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ असे रूपांतर होते. इंग्रजीस ‘दो’ किंवा ‘बट’ यांपैकी एकच शब्द पुरतो. ही एक चूक मुलांना जोडीची पद्धत दाखवून समजावली, तर ‘व्हेन–देन’ आणि ‘इफ–देन’ यांचाही उलगडा त्याच तासात होतो. पंधरा चुका वेगवेगळ्या दुरुस्त करण्याऐवजी त्यांचे एक मूळ दाखवणे, हा या अभ्यासाचा सर्वांत मोठा व्यावहारिक लाभ आहे.

विभक्तीची प्रत्ययमाला

मराठी नामाला मागून प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडते. इंग्रजी नामाच्या आधी स्वतंत्र शब्द ठेवते. जागेचा हा फरक विद्यार्थी लवकर आत्मसात करतात. खरी अडचण अर्थाच्या वाटणीत आहे. ‘पेनाने लिहिले’ आणि ‘बसने आला’ या दोहोंत मराठीचा ‘ने’ आहे. इंग्रजीत साधनाला ‘विथ’ आणि वाहनाला ‘बाय’ लागते. म्हणून ‘आय रोट बाय पेन’ असे वाक्य तयार होते. ‘त्याच्यावर रागावला’ यातील ‘वर’ इंग्रजीत ‘अँग्री ऑन’ होऊन बसतो. ‘मुंबईला पोचलो’ यातील ‘ला’ ‘रीच्ड टू मुंबई’ असा उतरतो. ‘तिच्याशी लग्न केले’ याचे ‘मॅरीड विथ हर’ होते. ‘विषयावर चर्चा केली’ याचे ‘डिस्कस्ड ऑन द सब्जेक्ट’ होते, आणि ही चूक तर सभांच्या इतिवृत्तांतही सहज आढळते.

याच प्रकारात ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये येतात. मला ताप आला, मला भूक लागली, मला राग आला, मला आठवते. मराठीच्या दृष्टीने ताप, भूक, राग हे माणसाकडे येतात, त्याला लागतात; माणूस त्यांचा कर्ता नसतो. इंग्रजीत या बहुतेक ठिकाणी माणूसच कर्ता होतो. ‘फीवर हॅज कम टू मी’ असे लिहिणाऱ्या मुलाला हसण्यापूर्वी त्याने कोणती विचारसरणी अनुवादिली आहे, हे ध्यानात घेतलेले बरे.

जे मराठीत स्वतंत्र शब्दाने नाही

इंग्रजीतील ‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही उपपदे मराठी विद्यार्थ्यांना दीर्घकाळ छळतात. पदवीधरही त्यांतून सुटत नाहीत. ‘सन राइजेस इन ईस्ट’ असे वाक्य लिहिणाऱ्यास ‘द’ची उणीव जाणवतच नाही, कारण मराठीत त्या जागी शब्द नाही. तथापि ज्ञात आणि अज्ञात यांतील भेद मराठीला ठाऊक नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. ‘अंगणात मूल खेळत आहे’ आणि ‘मूल अंगणात खेळत आहे’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात कोणतेतरी एक मूल आहे. दुसऱ्यात बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांना माहीत असलेले मूल आहे. ‘मी डॉक्टर शोधत आहे’ म्हणणाऱ्यास कोणताही डॉक्टर चालेल. ‘मी डॉक्टरांना शोधत आहे’ म्हणणाऱ्यास विशिष्ट डॉक्टर हवे आहेत. जे काम इंग्रजी उपपदाकडून करवून घेते, ते मराठी शब्दक्रमाने आणि प्रत्ययाने करते. शिक्षकांनी ही मराठी वाक्ये प्रथम फळ्यावर लिहून मुलांनाच फरक विचारला, तर ‘ए’ आणि ‘द’ यांचे नियम पाठ करण्यापूर्वीच त्यांचा आशय मुलांच्या हाती येतो.

वचन आणि आदर

‘हर हेअर्स आर लाँग’ ही चूक होते, कारण मराठीत केस अनेकवचनी आहेत. ‘दीज न्यूज आर गुड’ यामागे बातम्या असतात आणि ‘ॲन ॲडव्हाइस’ यामागे एक सल्ला असतो. ‘माय फादर हॅव कम’ या वाक्यात तर वचनाच्या चुकीआड संस्कार उभा आहे. ‘बाबा आले आहेत’ असे आदरार्थी अनेकवचन बोलणाऱ्या मुलाला वडिलांसाठी एकवचन वापरताना जीभ अडखळल्यासारखे वाटते. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या वचनातून व्यक्त होत नाही, इतके सांगितले की त्याचा संकोच दूर होतो.

होकार आणि नकार

काही चुका कानाला खटकतात, पण अर्थ पोचतो. काही मात्र अर्थच उलटा करतात. ‘पत्र मिळाले नाही का?’ या प्रश्नाला मराठीत पुष्कळदा ‘हो, मिळाले नाही’ असे उत्तर येते. विचारणाऱ्याचा तर्क बरोबर आहे, असे त्या ‘हो’ने सांगितले जाते. इंग्रजीत ‘येस’ म्हटले की पत्र मिळाले असाच अर्थ होतो. दूरध्वनीवर केवळ ‘येस’ एवढेच उत्तर दिले गेले, तर पलीकडचा माणूस पत्र पोचले असे समजून निश्चिंत होईल. मुलाखतीत, रुग्णालयात, कचेरीत अशा एका शब्दाने मोठा गैरसमज होऊ शकतो. म्हणून सर्व चुकांना एकच माप लावू नये. अर्थ बिघडवणाऱ्या चुका प्रथम, केवळ रूप बिघडवणाऱ्या नंतर, असा क्रम शिक्षकांनी मनाशी ठेवावा.

आरशाची दुसरी बाजू

परभाषेत चुकणे हा बुद्धिमांद्याचा पुरावा असता, तर मराठी शिकणाऱ्या इंग्रजांनाही तोच शिक्का मारावा लागला असता. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. असे ग्रंथ सिद्ध करावे लागले, याचाच अर्थ येथे आलेल्या इंग्रजांपुढे मराठी हे मोठे आव्हान होते. पलंग पुल्लिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी का, याचे उत्तर इंग्रजी व्याकरणात सापडत नाही. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यांत खाणारा तोच असून क्रियापद बदलते, हे कर्त्याप्रमाणे क्रियापद चालवण्याची सवय असलेल्या माणसास चमत्कारिक वाटते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्ही शब्दांस इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द असल्याने, समोरच्यास सामील करून घ्यावयाचे की वगळावयाचे, या बाबतीत इंग्रज हमखास गोंधळतो. आपला पाच वर्षांचा मुलगा ही तिन्ही कामे खेळता खेळता करतो.

सर्वच चुका मातृभाषेच्या नव्हेत

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. प्रत्येक चुकीचे खापर मराठीवर फोडणे शास्त्रास धरून होणार नाही. ‘ही गो टू स्कूल’ ही चूक घ्यावी. मी करतो, तू करतोस, ते करतात असे पुरुष-वचनानुसार क्रियापद बदलण्याची मराठीस पुरेपूर सवय आहे. तरीही मराठी मुले ‘गोज’ विसरतात. नामाला ‘एस’ लागला की अनेकवचन आणि क्रियापदाला लागला की एकवचन, ही इंग्रजीची स्वतःची गुंतागुंत त्यास कारण होते. ‘गो’चा भूतकाळ ‘गोएड’ करणारे मूल मराठीतून काहीच आणत नाही. ते इंग्रजीचाच नियम मर्यादेपलीकडे ताणते. इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलेही असेच करतात.

एडिंबरो येथील पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चुकीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. घाईत किंवा थकव्याने होणारी चूक वेगळी आणि नियमाविषयीच्या अपुऱ्या समजुतीतून पुनःपुन्हा होणारी चूक वेगळी. दुसऱ्या प्रकारची चूक शिकणारा कोठवर आला आहे हे दाखवते, असे त्यांनी म्हटले. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याची भाषा ही स्वभाषा व परभाषा यांच्या मधली, स्वतःचे नियम असलेली एक भाषाच असते, असा सिद्धान्त मांडला. १९७४ मध्ये ड्युले आणि बर्ट यांना अमेरिकेतील स्पॅनिश व चिनी भाषक मुले इंग्रजीतील काही व्याकरणरूपे जवळपास सारख्याच क्रमाने आत्मसात करतात, असे आढळले. तात्पर्य, मातृभाषा हे चुकीचे एक मोठे कारण आहे, एकमेव नाही. कोणती चूक कोठून आली, हे ओळखणे हेच शिक्षकाचे कौशल्य होय.

वर्गात काय करता येईल

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. ज्यांच्या घरी इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, अशी असंख्य मुले तेव्हापासून सहाव्या-सातव्या वर्षीच या भाषेस सामोरी जात आहेत. त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, चुकांची नोंदवही. महिनाभर वह्या तपासताना वारंवार येणाऱ्या चुका एका वहीत लिहून त्यांचे गट पाडावेत. बरेचसे लाल फराटे मोजक्या मुळांपाशी येऊन थांबतात, असे दिसून येईल. दुसरी, वाक्यांच्या जोड्या. मराठी वाक्य आणि त्याचे इंग्रजी रूप शेजारी मांडून, कोठे साम्य आहे आणि कोठे वाट फुटते, हे मुलांकडून शोधून घ्यावे. जुन्या पिढीने भाषांतर पाठमालांतून इंग्रजीचा अभ्यास केला, त्या पद्धतीत तुलनेचा हा गुण होता. मात्र शब्दास शब्द ठेवण्याची सवय लागण्याचा धोकाही होता. म्हणून तुलना समजण्यापुरती आणि सराव प्रत्यक्ष प्रसंगातील पूर्ण वाक्यांचा, अशी सांगड घालावी. तिसरी, एका वेळी एकच दुरुस्ती. लालभडक झालेले पान पाहून मूल लिहिणेच सोडते, आणि न लिहिणाऱ्याची चूक कधीच सुधारता येत नाही. चौथी, मराठी व्याकरणाचा तास नीट घ्यावा. आपल्या भाषेतील कर्ता, कर्म व काळ ज्याला डोळसपणे दिसतात, त्याला परक्या भाषेतील फरकही दिसतात.

मराठी जेव्हा दुसरी भाषा असते

या विषयाची सर्वांत नाजूक बाजू अखेरीस सांगावयाची आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाची मातृभाषा मराठी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार, तर कोरकू भाषकांची सुमारे ७ लाख २७ हजार होती. गडचिरोली-चंद्रपुरातील गोंड आणि मेळघाटातील कोरकू समाज त्यांत मोडतात. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. तिच्यात पुल्लिंग आणि पुल्लिंगेतर अशी दोनच लिंगे आहेत. कोरकू मुंडा शाखेतील. तिच्यात सजीव-निर्जीव हा भेद महत्त्वाचा असून द्विवचनही आहे. या मुलांना मराठीची तीन लिंगे नव्याने शिकावी लागतात आणि इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा ठरते. मराठी मुलगा इंग्रजीत जसा अडखळतो, तसेच गोंड किंवा कोरकू मूल मराठीत अडखळते, आणि त्याच कारणाने. ‘याला साधे मराठी येत नाही’ हे उद्गार वर्गात निघाले, तर ते मूल उद्या शाळेत येईलच, याची शाश्वती कोणी द्यावी?

येथे पंचायत सदस्यांचेही कर्तव्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची संख्या किमान तीन-चतुर्थांश असते आणि स्थानिक प्राधिकरणाच्या लोकप्रतिनिधींनाही स्थान असते. अध्यापनाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे हाच कायदा सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. गावातील शाळेत मुलांची घरची भाषा कोणती, ती जाणणारी व्यक्ती शाळेच्या मदतीस येऊ शकेल काय, हे प्रश्न समितीच्या बैठकीत विचारले गेले पाहिजेत. घरची भाषा विसरल्याशिवाय इंग्रजी येत नाही, ही पालकांची समजूतही दूर केली पाहिजे. पाया पक्का असला, तर त्यावर दुसरा मजला चढतो. पाया उखडून मजला चढत नाही.

मूल शाळेत येते तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. एका समृद्ध भाषेचे संपूर्ण व्याकरण ते मनात घेऊन आलेले असते. इंग्रजीतील त्याची चूक ही बहुधा त्या व्याकरणाची सही असते. ती सही वाचावी, तिचा मान राखावी आणि मग नव्या भाषेची रीत दाखवावी. एवढे साधले, तर लाल शाई कमी लागेल आणि ‘मला जमणार नाही’ असे म्हणत मागच्या बाकावर बसणारी मुले फळ्यापाशी येऊ लागतील.